श्रमाचे अर्थशास्त्र शिकताना : रोजगार हमी योजनेच्या आधाराने नवख्यांसाठी मार्गदर्शन

माणसे काम का आणि किती करतात, एकाच गावात दोघांच्या मजुरीत फरक का पडतो, काम मागूनही काहींना ते का मिळत नाही आणि या सगळ्यात सरकारने हात घातला तर काय होते, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारी शाखा म्हणजे श्रमाचे अर्थशास्त्र. किमान वेतनाचा दर, प्रसूती रजेचा कालावधी, कामगार कपातीसाठी लागणारी परवानगी, प्रशिक्षण योजनांवरचा खर्च हे सगळे निर्णय शेवटी याच शाखेतल्या कुठल्या ना कुठल्या गृहीतावर उभे असतात. तरीही नवखा विद्यार्थी पाठ्यपुस्तक उघडतो तेव्हा त्यातली उदाहरणे बहुधा अशा देशांतली असतात, जिथे कामगाराच्या हाती पगारपत्रक असते आणि बेकाराची नोंद कार्यालयात असते. आपल्याकडचा मजूर त्या चौकटीत बसत नाही, आणि मग विषय परीक्षेपुरता उरतो.

म्हणून माझा सल्ला असा की सुरुवातीलाच सगळी शाखा पालथी घालण्याच्या फंदात न पडता एकच धोरण निवडावे, त्याचा पिच्छा पुरवावा, आणि सिद्धान्त, आकडेवारी, कायदा हे सारे त्या धोरणाला जेवढे लागेल तेवढे, पण नीट शिकावे. मराठी वाचकासाठी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेइतका चांगला विषय दुसरा नाही. ती इथे जन्मली, तिच्यावर पाच दशके लिखाण झाले आहे, तिची कागदपत्रे मराठीत मिळतात, आणि श्रमाच्या अर्थशास्त्रातला जवळपास प्रत्येक मोठा प्रश्न तिच्यात कुठे ना कुठे उभा राहतो. पुढच्या पायऱ्या पदवीच्या वर्गातला विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, पत्रकार किंवा संस्थेत काम करणारा कार्यकर्ता यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : धोरणाचा जन्म आणि त्याचे पैसे

कोणतेही श्रमधोरण हाती घेतले की पहिले दोन प्रश्न विचारावेत : ते कोणत्या अडचणीतून निघाले आणि त्याचे पैसे कोण देतो. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिला राज्यव्यापी निकड आली, विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे घोषवाक्य सर्वांना ठाऊक असते. पण त्यासाठी राज्याने १९७५ पासून व्यवसाय कर लावला, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आजही महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ तिथे आहे.

ही माहिती केवळ इतिहास म्हणून महत्त्वाची नाही. शहरातला पगारदार आणि व्यावसायिक ग्रामीण मजुराच्या कामासाठी कर देतो, असा व्यवहार लोकशाहीत टिकला कसा, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. शहराला येणारे लोंढे थोपले, गावातल्या जमीनदाराला बंधारा, पाझर तलाव आणि रस्ता मिळाला, १९९० नंतर फळबाग लागवडही योजनेला जोडली गेली, आणि मजुराला काम मिळाले. प्रत्येकाला काही ना काही मिळाले म्हणून योजना टिकली, असे काही अभ्यासक म्हणतात. लाभाचा मोठा वाटा बागायतदाराकडे गेला, असेही काही म्हणतात. नवख्याने दोन्ही बाजू टिपून ठेवाव्यात आणि निकाल देण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी : सिद्धान्ताची चार हत्यारे

गणिताची भीती अनाठायी आहे. एका चलाचे कलन, मर्यादा घालून महत्तम मूल्य काढण्याची रीत आणि संख्याशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम एवढ्यावर पहिले वर्ष सहज निभते. सिद्धान्तातल्या चार कल्पना मात्र पक्क्या असल्या पाहिजेत.

पहिली कल्पना किमान अपेक्षित मजुरीची, म्हणजे ज्या दराखाली माणूस कामावर यायला तयार होत नाही त्या दराची. रोजगार हमीत काम कष्टाचे आणि मजुरी बेताची ठेवली, तर ज्याला दुसरे काही मिळते तो आपोआप बाहेर राहतो, आणि गरजू कोण हे ठरवायला कार्यालयाला दाखले तपासत बसावे लागत नाही. याला स्वयंनिवड म्हणतात. हिची दुसरी बाजू उघड आहे : दर वाढवला की गरजूला जास्त मिळते, पण रांग वाढते आणि खर्चही वाढतो.

दुसरी कल्पना लवचिकतेची. मजुरी १० टक्क्यांनी वाढली तर काम मागणारे किती टक्क्यांनी वाढतील, हा आकडा माहीत नसेल तर अंदाजपत्रक म्हणजे निव्वळ अंदाजच. तिसरी कल्पना ग्राहक मक्तेदारीची, म्हणजे श्रम विकत घेणारे मोजकेच असण्याची, जी जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये मांडली. गावात मजूर लावणारे दोनचारच असतील, किंवा ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेतल्यामुळे त्याला हंगामभर दुसरीकडे जाता येत नसेल, तर मजुरी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खाली राहते. अशा बाजारात किमान दर बांधून दिल्याने रोजगार घटेलच असे नाही, तो वाढूही शकतो.

चौथी कल्पना मला सर्वांत उपयोगी वाटते, आणि ती पाठ्यपुस्तकात बहुधा एखाद्या कोपऱ्यात असते : हाती असलेला पर्याय. शेजारच्या बंधाऱ्यावर काम मिळण्याची शक्यता असली, तर प्रत्यक्षात तिकडे न गेलेली मजूर बाईसुद्धा खुरपणीचा दर वाढवून मागू शकते. म्हणजे योजनेचा लाभ केवळ हजेरीपत्रकावरच्या नावांनी मोजता येत नाही. ही एक गोष्ट समजली की मूल्यमापनाची अर्धी भांडणे कशावरून चालतात ते कळते.

तिसरी पायरी : ‘काम’ कोणाला म्हणायचे

इथे घाई करू नये. महिनाभर या एकाच पायरीवर घालवला तरी तो वाया जाणार नाही, कारण धोरणावरच्या चर्चेतल्या बऱ्याचशा चुका इथेच होतात.

भारतात रोजगाराची मोजणी बेभरवशाची आहे, ही तक्रार जुनी आहे. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये सांगितले की शेतीप्रधान देशात श्रमशक्ती, रोजगार, बेरोजगारी यांचा एकच ठोकळ आकडा काढणे निरर्थक आहे. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीची मोठी सर्वेक्षणे साधारण दर पाच वर्षांनी झाली. त्या मालिकेतले शेवटचे २०११-१२ चे. २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण सुरू झाले, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात, आणि जानेवारी २०२५ पासून त्याची रचना बदलून मासिक अंदाजही येऊ लागले. रचना बदलली की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करू नये, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

सर्वेक्षणात माणसाची स्थिती दोन मुख्य पद्धतींनी ठरते. नेहमीच्या स्थितीत मागच्या ३६५ दिवसांपैकी जास्त काळ माणूस काय करत होता हे पाहतात, आणि त्याशिवाय ३० किंवा अधिक दिवस केलेले दुय्यम कामही धरतात. चालू साप्ताहिक स्थितीत मागच्या ७ दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान १ तास काम केले असेल तर माणूस कामावर धरला जातो. म्हणजे नाक्यावर सहा दिवस उभा राहून सातव्या दिवशी हाताला काम लागलेला गवंडी या हिशेबात बेरोजगार नाही. हे चूक आहे असे नव्हे. हा आकडा नेमका कशाचे उत्तर आहे ते समजून घ्यावे, एवढेच.

आता संकेतांकांकडे बघू. स्वतःच्या बळावर काम करणारा ११, मजूर लावणारा मालक १२, घरच्या व्यवसायात बिनपगारी राबणारा २१, नियमित पगारी ३१, सार्वजनिक कामांवरचा रोजंदार ४१, इतर ठिकाणचा रोजंदार ५१, काम शोधणारा ८१, विद्यार्थी ९१, फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२, आणि घरकामासोबत घरासाठी सरपण, भाजीपाला, गुरांचा चारा फुकट गोळा करणारी किंवा शिवणटिपण करणारी व्यक्ती ९३. यातले ११ ते ५१ कामकरी, ८१ बेरोजगार आणि ९१ पासून पुढचे श्रमशक्तीच्या बाहेरचे.

एखाद्या कोरडवाहू गावातली बाई डोळ्यासमोर आणा. ती पहाटे म्हशीचे शेण काढते, धार काढते, दुपारी बांधावरून चाऱ्याचा भारा आणते, आणि मधल्या वेळात स्वयंपाक, पाणी, मुले. चारा गोळा करणे ९३ मध्ये जाते, म्हणजे ती कामकरी नाही. म्हैस सांभाळून दूध काढणे हे प्राथमिक उत्पादन आहे, मग ते दूध घरीच खपले तरी. म्हणजे ती २१ मध्ये जाऊ शकते आणि कामकरी ठरते. प्रगणकाने “बाई, तुम्ही काम करता का?” एवढेच विचारले तर उत्तर बहुधा “नाही, घरीच असते” असे येते, तेही कित्येकदा उंबऱ्यात उभ्या असलेल्या नवऱ्याकडून. दोनचार प्रश्न अधिक विचारले तर तीच बाई श्रमशक्तीत येते.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहा. गावात १०० स्त्रिया आहेत. २० कामकरी, २ काम शोधणाऱ्या, ७८ बाहेर. सहभागाचा दर २२ टक्के आणि बेरोजगारीचा दर २ भागिले २२, म्हणजे ९.१ टक्के. पुढच्या वर्षी अधिक खोदून विचारल्यामुळे घरकामातल्या १८ जणी २१ या संकेतांकात गेल्या. आता कामकरी ३८, श्रमशक्ती ४०, सहभाग ४० टक्के आणि बेरोजगारी ५ टक्के. गावात एकही नवे काम निघालेले नाही, तरी बेरोजगारी जवळपास निम्म्यावर आली.

पीएलएफएसनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. या वाढीत ग्रामीण स्वयंरोजगाराचा, आणि त्यात बिनपगारी मदतनिसांचा, वाटा मोठा आहे. ही वाढ खऱ्या कामाची किती, अडचणीपोटी केलेल्या कामाची किती आणि चांगल्या मोजणीची किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. हा वाद स्वतः आकडे उघडून समजून घेणे हा उत्तम पहिला प्रकल्प ठरेल. त्याला जोड म्हणून २०१९ आणि २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणांचे अहवाल घ्यावेत, कारण त्यांत दिवसाचे तासच मोजले आहेत.

चौथी पायरी : आकडे स्वतः उघडणे

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पीएलएफएसची कुटुंब आणि व्यक्ती पातळीवरची मूळ आकडेवारी नावे काढून संकेतस्थळावर ठेवते. नोंदणी केली की ती विनामूल्य मिळते. फाइल उघडली की सलग अंकांच्या ओळी दिसतात आणि नवखा गडबडतो. सोबतच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात काय आहे ते दिलेले असते. तो तक्ता छापून शेजारी ठेवावा. स्टाटा, आर, पायथन यांपैकी काहीही चालते. आर आणि पायथन फुकट आहेत, तेव्हा पैसे घालण्याचे कारण नाही.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. सर्वेक्षणातली प्रत्येक व्यक्ती लोकसंख्येतल्या अनेकांचे प्रतिनिधित्व करते आणि हे प्रमाण प्रत्येकासाठी वेगळे असते. त्यासाठी दिलेला गुणक न वापरता काढलेली सरासरी ही फक्त नमुन्याची सरासरी असते, महाराष्ट्राची नव्हे. आणि स्वतःचा नवा आकडा काढण्याआधी अहवालात छापलेला एखादा आकडा, समजा महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रियांचा सहभाग दर, दशांशापर्यंत जुळवून दाखवावा. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. बहुतेकदा गुणक, वयोगट किंवा दुय्यम काम यांपैकी काहीतरी राहिलेले असते.

जिल्ह्याच्या पातळीवर या सर्वेक्षणातून फार काही काढायला जाऊ नये. नमुना लहान पडतो. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीतही मिळते, तिच्यातले रोजगाराचे तक्ते सोबत ठेवावेत. मजुरीची वर्षावर्षांची तुलना करताना महागाई वजा करायला विसरू नये. शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक लेबर ब्युरो प्रसिद्ध करते.

पाचवी पायरी : परिणाम की योगायोग

योजना आली आणि मजुरी वाढली, म्हणजे योजनेमुळे वाढली असे होत नाही. धोरणाला लागणारे सगळे श्रमाचे अर्थशास्त्र या एका वाक्याभोवती फिरते. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली वाट प्रसिद्ध आहे. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. दोन्हीकडच्या ४१० खाद्यगृहांत आधी आणि नंतर किती माणसे कामाला होती ते त्यांनी ताडून पाहिले, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले. क्रूगर त्याआधीच वारले होते.

आपल्याकडे याहून चांगला धडा १९८८ सालचा आहे. त्या वर्षी रोजगार हमीचा मजुरीदर दुपटीने वाढला. आता विचार करा : योजना खरोखर ‘मागेल त्याला काम’ देत असेल, तर दुप्पट दर ऐकून मागणारे वाढायला हवेत, निदान कमी तरी होता कामा नयेत. प्रत्यक्षात योजनेवरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावरून निष्कर्ष काढला की वाढलेला खर्च आवरण्यासाठी काम देण्यालाच कात्री लागली, म्हणजे हमी पातळ झाली. मजुराच्या बाजूने पुरवठा वाढायला हवा होता, पण हजेरी घटली, तेव्हा कारण दुसऱ्या बाजूला असले पाहिजे, हा तर्क साधा असला तरी सुंदर आहे.

पण इथेच थांबून शंका काढावी. १९८७ हे देशभर कडक दुष्काळाचे वर्ष होते आणि १९८८ चा पावसाळा चांगला झाला. शिवारात काम असेल तर लोक बंधाऱ्यावर कशाला येतील? हजेरी पावसामुळे घटली की काम नाकारल्यामुळे? म्हणूनच पाऊस, हंगाम आणि शेतीचे उत्पादन यांचा परिणाम आधी वेगळा काढल्याशिवाय दरवाढीबद्दल बोलता येत नाही. विद्यार्थ्याने हा निबंध वाचताना लेखकांनी हे कसे साधले, ते पुरेसे आहे का, आणि कोणता महिनावार आकडा हाती आला तर आपले मत बदलेल, हे तीन प्रश्न लिहून ठेवावेत.

दुसरे उदाहरण २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे. तो फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि २००८ मध्ये उरलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. या टप्प्यांमुळे आधी लागू झालेले आणि नंतर लागू झालेले जिल्हे ताडून पाहण्याची सोय झाली. क्लेमां आँबेर आणि जॉन पॅप यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की कोरड्या हंगामात, आणि जिथे योजना मनापासून राबवली गेली तिथे, खासगी रोजंदारीचा दर वाढला आणि खासगी काम काहीसे घटले. वर सांगितलेला हाती असलेला पर्याय तो हाच.

या पद्धतीत दोन खाचखळगे आहेत. पहिल्या टप्प्यातले जिल्हे मुद्दाम मागास म्हणून निवडले होते, त्यामुळे ते इतरांसारखे नव्हतेच. लागू होण्याआधी दोन्ही गटांतली मजुरी समांतर चालत होती का, हे दाखवावे लागते. दुसरा खळगा खास महाराष्ट्राचा आहे. इथे राज्याची योजना आधीपासूनच होती. त्यामुळे ‘आधी’ म्हणून धरलेला काळ महाराष्ट्रात हमीविना नव्हता, आणि देशभराचा सरासरी निष्कर्ष जसाच्या तसा विदर्भाला किंवा मराठवाड्याला लावला तर फसगत होते.

सहावी पायरी : कायदा आणि दरसूची

अर्थशास्त्राचे विद्यार्थी कायद्याचा मजकूर वाचत नाहीत आणि कायद्याचे विद्यार्थी आकडे बघत नाहीत. दोन्ही वाचणाऱ्याला म्हणूनच किंमत आहे. २००५ च्या कायद्यात अर्जाची तारीखवार पावती, १५ दिवसांत काम, न दिल्यास बेरोजगार भत्ता, आणि निदान एकतृतीयांश लाभार्थी स्त्रिया अशी कलमे होती. पावती हा त्यातला कळीचा कागद. ती दिली नाही की १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, भत्ता लागू होत नाही, आणि कागदोपत्री कामाची मागणीही कमी दिसते. कार्यालयीन आकड्यांतली ‘मागणी’ म्हणजे नोंदवलेली मागणी, हे या एका कागदावरून समजते.

तसेच मजुरीच्या दराचे. जाहीर दर दिवसाचा असतो, पण खोदकामाची मजुरी बहुतेक वेळा माप घेऊन, दरसूचीप्रमाणे, म्हणजे किती कामाला किती पैसे याच्या सरकारी तक्त्याप्रमाणे ठरते. टोळीत वयस्क माणसे असतील किंवा मातीऐवजी कठीण मुरूम लागला, तर माप कमी भरते आणि हातात पडणारी रक्कम जाहीर दराच्या खाली जाते. तेव्हा शासनाने दर वाढवला आणि दरसूची तशीच ठेवली, तर नेमके काय बदलले, हे विचारल्याशिवाय कोणत्याही दरवाढीचे विश्लेषण पुरे होत नाही.

कायद्यांत वरचेवर बदल होतात. वेतनविषयक संहिता २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन कामगार संहिता २०२० मध्ये संसदेने मंजूर केल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. तेव्हा शिकवणीच्या जुन्या टिपणांवर न विसंबता राजपत्रातला ताजा मजकूर आणि त्यावरचे राज्याचे नियम पाहावेत.

सातवी पायरी : माणसांशी बोलणे

शहरात असाल तर सकाळी मजूर नाक्यावर जावे, गावात असाल तर कामाच्या ठिकाणी दुपारच्या सुट्टीत. “तुम्ही बेरोजगार आहात का?” असे विचारू नये, त्या प्रश्नाला कोणी धड उत्तर देत नाही. कालपासून मागे एकेक दिवस घेत सात दिवसांचे विचारावे : कुठे गेलात, कोणी नेले, किती मिळाले, रोख की बाकी, खाडा कोणत्या दिवशी आणि का. ऊसतोड कुटुंबाशी बोलत असाल तर उचल किती घेतली, हिशेब ‘कोयत्या’वर म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर होतो का, आणि बाईचा वाटा तिच्या हाती येतो का, हे विचारावे. मग तिला सर्वेक्षणाच्या कोणत्या संकेतांकात बसवाल, हे तिथेच ठरवून पाहावे. तिसऱ्या पायरीवर वाचलेल्या व्याख्या किती ताणाव्या लागतात ते कळेल. परवानगी घेऊनच बोलावे, नावे लिहू नयेत, आणि माणसाचा कामाचा वेळ खाऊ नये. आपल्या दहावीस मुलाखतींवरून राज्याचा टक्का काढायचा नाही. त्या फक्त योग्य प्रश्न सुचवण्यासाठी आहेत.

आठवी पायरी : दोन पानांचे टिपण

शिकलेले तपासण्याची जागा म्हणजे धोरण टिपण. त्यात प्रश्न एका वाक्यात, पुरावा एका पानात आणि खर्चाचा हिशेब उघड असावा. नमुन्यादाखल काल्पनिक आकडे घेऊ. एका जिल्ह्यात वर्षाला १० लाख मनुष्यदिवस काम निघते आणि दर ३०० रुपये आहे. अकुशल मजुरी झाली ३० कोटी. मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० धरले तर एकूण खर्च ५० कोटी. आता दर १० टक्के वाढवायचा आहे. मागणी तितकीच राहिली तर मजुरी ३३ कोटी होते. पण मजुरीदरामुळे मागणी ५ टक्के वाढली, तर १०.५ लाख मनुष्यदिवसांना ३३० रुपयांनी ३४.६५ कोटी लागतात. हा १.६५ कोटींचा फरक म्हणजे दुसऱ्या पायरीवरची लवचिकता. तरतूद ३३ कोटींचीच केली तर पुढे काय होते, ते १९८८ च्या उदाहरणात दिसले आहे; तसे झाले तर कार्यालयाला काम नाकारण्याचा मोह कुठे होईल, हेही टिपणात लिहावे.

शिफारस करताना ती कोणत्या अधिकाराखाली, कोणाच्या सहीने आणि कोणत्या लेखाशीर्षातून अमलात येईल, हे लिहिता येत नसेल, तर ती अजून शिफारस झालेली नाही.

पुढचे शिक्षण आणि कामाच्या जागा

औपचारिक शिक्षणासाठी पुण्यातली १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही जवळची नावे. गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी रोजगार हमीवर काम केलेले आहे, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात या विषयाची जुनी सामग्री पाहायला मिळेल. कामगार कायदे आणि कामगार कल्याणाकडे कल असेल तर परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेचे अभ्यासक्रम पाहावेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्रातली किंवा तिच्याशी संलग्न पदव्युत्तर पदवी लागते. राज्यात सरकारी कामगार अधिकारी आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयातली पदे आहेत. स्वयंसेवी संस्था आणि कामगार संघटना यांनाही आकडे वाचू शकणारी माणसे हवी असतात, पगार मात्र बेताचा असतो.

रोजगार हमी पुरती झाली की दुसरा विषय म्हणून १९६९ चा माथाडी कायदा घ्यावा. त्यात मालक ठरावीक नाही, मजूर टोळीने काम करतो, मजुरी आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर आकारली जाणारी जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे जमा होते आणि मंडळ मजुरी वाटते. इथे मालक कोणाला म्हणायचे, लेव्हीचा भार शेवटी व्यापाऱ्यावर पडतो, ग्राहकावर की मजुरावर, आणि नोंदणीबाहेर राहिलेल्या हमालाचे काय होते, हे प्रश्न वरच्याच आठ पायऱ्यांनी सोडवायला घ्यावेत.